पीएनपी फझ पेडलला उणे ९ व्होल्ट देणारा बोर्ड: जोडणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पेडल. घरी बनवलेलं जर्मेनियम फझ बॅटरीवर एकटं वाजवलं की मस्त वाजतं. तेच बाकीच्या पेडलांबरोबर एका ॲडॉप्टरवर लावलं की सगळी पेडलं एकदम बंद पडतात. कारण साधं आहे. एसी १२८ सारखे पीएनपी, म्हणजे उणे सप्लायवर चालणारे, जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो. बाकीच्या पेडलांत मायनस ग्राउंडला असतो. पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलच्या बाहेरच्या जाळीतून सगळ्यांचे ग्राउंड एकमेकांना जोडले जातात, त्यामुळे एकाच ॲडॉप्टरचा प्लस आणि मायनस थेट एकमेकांना भिडतात.

यावरचा उपाय म्हणजे व्होल्टेज उलटवणारा छोटा बोर्ड. त्याला नेहमीचे +९ व्होल्ट द्यायचे, तो −९ व्होल्ट काढून देतो आणि ग्राउंड दोन्हीकडे एकच राहतो. आठ पायांची एक आयसी आणि मोजके सुटे भाग, एवढाच पसारा आहे. तरी चुका होतात, आणि त्या बहुतेक दोनच ठिकाणी होतात: बोर्ड एकटा तपासून न बघता सरळ पेडलला जोडला जातो, किंवा ‘पॉझिटिव्ह ग्राउंड’ हे शब्द वाचून ग्राउंडची वायर चुकीच्या जागी लावली जाते. खालचा क्रम या दोन चुका टाळण्यासाठीच आहे, म्हणून मधला टप्पा गाळू नका.

## १. आधी ॲडॉप्टर मोजा, मग आयसी निवडा

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ॲडॉप्टरला काहीही न जोडता त्याच्या पिनेवरचं व्होल्टेज मोजा. लाल प्रोब आतल्या भोकात, काळा बाहेरच्या धातूला. पेडलांच्या ॲडॉप्टरमध्ये आत मायनस असतो, म्हणून मीटरवर उणे आकडा दिसायला हवा. अधिक दिसला तर तो ॲडॉप्टर या कामाचा नाही.

आता आकडा बघा. रेग्युलेटेड ॲडॉप्टर ९ ते ९.५ च्या आसपास दाखवेल. जुन्या वजनदार, आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲडॉप्टरवर ९ लिहिलेलं असतं, पण लोड नसताना, म्हणजे त्यावर काही चालत नसताना, तो १२-१३ व्होल्टसुद्धा देतो. माझी पहिली आयसी अशाच एका ॲडॉप्टरने गेली. बोर्ड बरोबर होता, सोल्डरचे डाग चांगले होते, आणि मी दोन संध्याकाळी नसलेली चूक शोधत बसलो.

आयसी निवडताना हाच आकडा महत्त्वाचा:

- मॅक्स १०४४ आणि साधी आयसीएल ७६६०: १०.५ व्होल्टच्या वर गेल्या की मरतात. नवी अल्कलाइन बॅटरीच ९.६ च्या आसपास असते, म्हणजे हाताशी फारशी सूट नाही.
- आयसीएल ७६६०एस आणि टीसी १०४४एस: १२ व्होल्टपर्यंत चालतात. फझसाठी यातली घ्या.
- एलटी १०५४: १५ व्होल्टपर्यंत चालते आणि १०० मिलिअँपिअर देते. फझला एवढ्याची गरज नाही. शिवाय तिच्या काही पिनांचं काम वेगळं आहे, ते पुढे येईल.

थांबा: दुकानात ‘७६६०’ म्हणून मागितलं तर साधी मिळेल. नंबराच्या मागचा ‘एस’ स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत काउंटरवर गर्दी असली तरी आयसी हातात घेऊन, उजेडात तिरकी धरून वाचा. छपाई पुसट असते. दोन घ्या. एक खराब निघाली तर दुसरी लावून लगेच कळतं.

## २. सामान जमवा

- ८ पिनी आयसी सॉकेट. आयसीला थेट डाग देऊ नका.
- १एन५८१७ शॉटकी डायोड, १ नग. ॲडॉप्टर उलटा लागला तर वाचवतो.
- १एन४१४८ डायोड, १ नग.
- १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, २ नग.
- १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट इलेक्ट्रोलिटिक, २ नग.
- ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक, १ नग. अंगावर १०४ लिहिलेलं असतं.
- १०० ओहम, पाव वॉट रेझिस्टर, १ नग.
- तपासणीसाठी १ किलोओहम रेझिस्टर, १ नग. हा बोर्डवर बसवायचा नाही.
- प्लॅस्टिक बॉडीचं २.१ मिमी डीसी सॉकेट.
- झीरो पीसीबीचा किंवा व्हेरोबोर्डचा तुकडा, आणि लाल, काळी, निळी अशा तीन रंगांची बारीक वायर.

वायरींचे रंग ही चैन समजू नका. लाल म्हणजे +९, काळी म्हणजे ग्राउंड, निळी म्हणजे −९. घरात फक्त काळी वायर आहे म्हणून सगळीकडे तीच वापरली, तर सातव्या टप्प्यावर घोटाळा होणारच.

## ३. कागदावर मांडणी

आयसी वरून बघा. खाच डाव्या हाताला ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून १, २, ३, ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५, ६, ७, ८. म्हणजे पिना घड्याळाच्या उलट दिशेने मोजायच्या. बोर्ड पालथा केला की हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. डाग मागच्या बाजूने द्यायचे असल्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बोर्डच्या मागे पिन १ शेजारी मार्करने ठिपका द्या.

आता ७६६०एस साठी जोडणी:

पिन ८ ही +९ येण्याची जागा. ॲडॉप्टरचा प्लस १एन५८१७ मधून इथे येतो. डायोडची पट्टी पिन ८ कडे. पिन ८ पासून ग्राउंडला एक १०० मायक्रोफॅरड, प्लस पिन ८ ला. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक पिन ८ आणि पिन ३ यांच्यामध्ये, आयसीला अगदी चिकटून. मोठा कपॅसिटर फक्त आवाज गाळण्यासाठी नाही. ॲडॉप्टर खोचताना व्होल्टेज फार झपाट्याने चढलं तर ही आयसी आत अडकून बसू शकते, ते चढणं तो हळू करतो.

पिन ३ म्हणजे ग्राउंड.

पिन २ आणि ४ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड, प्लस पिन २ ला. हा कपॅसिटर आधी पिन ८ आणि ग्राउंडमध्ये भरला जातो. मग आयसीतले स्विच त्याचं प्लस टोक ग्राउंडला लावतात, की दुसरं टोक आपोआप ग्राउंडच्या खाली जातं. सेकंदाला हजारो वेळा हेच चालतं.

पिन ५ वर −९ निघतं. इथे दुसरा १० मायक्रोफॅरड लागतो, आणि त्याचं प्लस टोक ग्राउंडला, मायनस टोक पिन ५ ला. हात सवयीने मायनस ग्राउंडला नेतो. तसं झालं तर कपॅसिटर उलटा बसतो, गरम होतो, फुगतो. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी मायनसची असते. ती पट्टी इथे पिन ५ कडे दिसली पाहिजे.

याच कपॅसिटरला समांतर १एन४१४८ लावा, पट्टी ग्राउंडकडे. चालू होताना क्षणभर जरी पिन ५ ग्राउंडच्या वर गेली तरी आयसी अडकते, ते हा डायोड होऊ देत नाही. पुष्कळ नकाशांत, म्हणजे सर्किटच्या आकृत्यांत, तो नसतो. मी प्रत्येक वेळी लावतो.

पिन ५ पासून १०० ओहम रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला निळी वायर. तिथूनच ग्राउंडला उरलेला १०० मायक्रोफॅरड. याचाही प्लस ग्राउंडला.

पिन १ ला पिन ८ शी जोडा. ही तार विसरली तर पेडल चालतं, पण बारीक शीळ घालतं. जोडणी नसेल तर आयसी साधारण १० किलोहर्ट्झला चालते, आणि ते कानाला ऐकू येतं. जोडली की ३५ च्या आसपास, माणसाच्या कानापलीकडे जाते.

पिन ६ आणि ७ मोकळ्या. रिकामी दिसते म्हणून पिन ६ ग्राउंडला लावू नका. ती सोय ३.५ व्होल्टच्या खालच्या सप्लायसाठी आहे.

एलटी १०५४ वापरत असाल तर: पिन १ आणि ८ मधली तार काढाच. तिच्या पिन १ चं काम फीडबॅक आणि शटडाउनचं आहे. ती मुळातच २५ किलोहर्ट्झला चालते, तिला वेग वाढवून द्यावा लागत नाही. पिन ६ तिच्यातही मोकळीच.

## ४. डाग देण्याचा क्रम

बुटके भाग आधी, उंच नंतर: जंपर तारा, डायोड, रेझिस्टर, सॉकेट, सिरॅमिक, आणि शेवटी इलेक्ट्रोलिटिक. उंच कपॅसिटर आधी बसवले तर बोर्ड पालथा ठेवल्यावर बाकीचे भाग खाली निसटतात आणि डाग तिरके होतात.

व्हेरोबोर्ड (तांब्याच्या सलग पट्ट्यांचा बोर्ड) असेल तर सॉकेट बसवण्याआधी त्याच्या खालच्या पट्ट्या कापा. चार पट्ट्या, चार काप. ड्रिलचं टोक हाताने फिरवून तांबं पूर्ण निघालंय का, हे भिंगातून बघा. केसाएवढी तांब्याची कड उरली तरी समोरासमोरच्या पिना जोडलेल्या राहतात. १ आणि ८ जोडायच्याच असतात, पण ३ आणि ६, किंवा ४ आणि ५ जोडल्या गेल्या की आयसी चालणार नाही.

चांगला डाग चकचकीत आणि पायाशी उतरता असतो. मळकट, दाणेदार, गोळीसारखा वर बसलेला डाग कोरडा समजा आणि पुन्हा तापवा. आधी पाय आणि तांबं तापवायचं, मग सोल्डर त्याला लावायचं. सोल्डर आयर्नच्या टोकावर घेऊन पायावर पुसलं की कोरडाच डाग मिळतो.

## ५. आयसीशिवाय तपासणी

सॉकेट रिकामं. पेडल अजून जोडायचं नाही.

मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून पिन ८ आणि ३, पिन ५ आणि ३, पिन २ आणि ४ या जोड्या तपासा. कपॅसिटर भरताना क्षणभर बीप आला तर चालेल. सतत वाजत राहिला तर शॉर्ट आहे.

मग ॲडॉप्टर लावा. काळा प्रोब पिन ३ वर, लाल पिन ८ वर: ॲडॉप्टरच्या आकड्यापेक्षा थोडं कमी दिसायला हवं. कमी दिसतं ते डायोडमुळे. पिन १ वरही तेवढंच. पिन २, ४ आणि ५ वर काहीही नसावं.

तपासा: पिन ८ वर शून्य असेल तर डायोड उलटा बसलाय किंवा डीसी सॉकेटचे पाय चुकलेत. त्या सॉकेटला तीन पाय असतात आणि प्रत्येक बनावटीत त्यांची जागा वेगळी. अंदाज करू नका. ॲडॉप्टर खोचून कुठल्या पायावर काय येतं ते मीटरने बघा आणि कागदावर लिहा.

## ६. आयसी बसवून, मग लोड देऊन

ॲडॉप्टर काढा. मिनिटभर थांबा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या. आयसी खाच बघून बसवा. एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला जातो आणि वरून कळत नाही. बाजूने वाकून बघा.

ॲडॉप्टर लावा. पिन ५ वर आता −८.७ च्या जवळपास हवं. पिन ८ वर जेवढं आहे, जवळजवळ तेवढंच उणे.

इथे बरेच जण थांबतात, आणि तीच चूक आहे. मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे कोरड्या डागाचा बोर्डही मीटरवर ठीक दिसतो. म्हणून बाजूला ठेवलेला १ किलोओहमचा रेझिस्टर पिन ५ आणि ग्राउंडमध्ये धरा. साधारण ८ मिलिअँपिअर जाईल, म्हणजे फझला लागतो त्याच्या दहापट. पिन ५ वरचं व्होल्टेज ८ च्या आसपास टिकलं तर बोर्ड पास. सहाच्या खाली कोसळलं तर कुठेतरी कोरडा डाग आहे, १० मायक्रोफॅरडचा एखादा कपॅसिटर उलटा आहे, किंवा आयसी खोटी आहे. दुसरी आयसी लावून बघा.

आयसीवर बोट ठेवा. गरम लागता कामा नये. बोट ठेववत नसेल तर लगेच ॲडॉप्टर काढा.

## ७. पेडलच्या बोर्डला जोडणी

आता तो घोटाळ्याचा भाग. फझचा जुना नकाशा समोर घ्या. त्यात बॅटरीचा प्लस ग्राउंडला आणि मायनस सर्किटच्या सप्लायला दाखवलेला असेल. बॅटरी खोडून टाका. तिच्या जागी आपला बोर्ड आहे:

- नकाशातल्या ग्राउंडला, म्हणजे जिथे बॅटरीचा प्लस होता तिथे, काळी वायर.
- जिथे बॅटरीचा मायनस होता तिथे निळी वायर.
- लाल वायर फझच्या बोर्डला कुठेही जात नाही.

‘पॉझिटिव्ह ग्राउंड आहे म्हणजे +९ ग्राउंडला लावायचे’ असं समजून लाल वायर ग्राउंडला लावली की ॲडॉप्टर शॉर्ट होतो. सर्किटला फक्त एवढंच हवं असतं की त्याचा सप्लाय ग्राउंडपेक्षा ९ व्होल्ट खाली असावा. ते काम निळी वायर करते.

फझच्या बोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक नकाशाप्रमाणेच ठेवा. फझच्या पॉटवरचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवरचा) २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पीएनपी सर्किटमध्ये प्लस ग्राउंडकडे ठेवूनच बसतो. बोर्ड लावला म्हणून तो फिरवायचा नाही.

एलईडी निळ्या वायरवर चालवू नका. तो लालवरून घ्या: +९, मग ४.७ किलोओहम, मग एलईडी, मग फूटस्विच, मग ग्राउंड. उलटवलेला सप्लाय फक्त आवाजाच्या सर्किटला ठेवला की स्विच दाबताना ‘टप्प’ कमी येतं.

तपासा: काळा प्रोब ग्राउंडला, लाल दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. −४.५ च्या आसपास हवं. नसेल तर त्या कलेक्टरच्या ८.२ किलोओहम रेझिस्टरच्या जागी २० किलोओहमचा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) लावून जुळवा. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी जुळवलेलं फझ मे महिन्यातल्या दुपारी घुसमटतं. ट्रिमर डबा उघडल्यावर हाताला येईल असा ठेवा, आणि ट्रान्झिस्टरला डाग देताना पायाला चिमटा लावा, उष्णता त्यात जाऊ दे.

## ८. डब्यात बसवताना

डीसी सॉकेट प्लॅस्टिकचंच का? ॲडॉप्टरच्या आत मायनस आहे, म्हणजे बाहेरच्या धातूवर +९ आहे. धातूच्या बॉडीचं सॉकेट ॲल्युमिनियमच्या डब्यात आवळलं की +९ डब्याला लागतो, आणि डबा तर जॅकमार्फत ग्राउंडला आहे. टेबलावर नीट चाललेलं पेडल डब्यात गेल्यावर मरतं, त्याचं बहुतेक वेळा हेच कारण.

उलटवणारा बोर्ड डीसी सॉकेटजवळ ठेवा आणि इनपुट जॅकपासून जमेल तेवढा लांब. इनपुटची वायर बोर्डवरून नेऊ नका, डब्याच्या कडेने न्या. बोर्डच्या मागच्या बाजूला जाड पुठ्ठा किंवा दुहेरी टेप लावा, डाग धातूला टेकू नयेत.

झाकण लावण्याआधी डबा आणि निळी वायर, मग डबा आणि लाल वायर यांत कंटिन्युइटी बघा. दोन्हीकडे सतत बीप नको. डबा आणि काळी वायर यांत मात्र हवा.

## ९. शीळ आली तर

गिटार लावा, तिचा व्हॉल्युम शून्यावर, पेडलचा फझ पूर्ण. याच क्रमाने शोधा:

आधी ॲडॉप्टरच्या जागी बोर्डला बॅटरी लावून वाजवून बघा. बॅटरीवर शीळ गेली तर दोष ॲडॉप्टरचा किंवा साखळीतल्या दुसऱ्या पेडलचा. एकाच साखळीत असे दोन बोर्ड किंवा एखादं डिजिटल डिले असेल तर दोन्हींच्या वेगांतला फरक ऐकू येतो, जरी प्रत्येक वेग कानापलीकडचा असला तरी. त्यातलं एक वेगळ्या ॲडॉप्टरवर घ्या.

बॅटरीवरही राहिली तर पिन १-८ ची तार बघा. तार असूनही शीळ असेल तर १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडची जोडी तपासा. निळी वायर चुकून रेझिस्टरच्या आधी, थेट पिन ५ वर लागलेली असते. मी दुरुस्त करायला घेतलेल्या पेडलांत हे मला वारंवार सापडलंय. तेही ठीक असेल तर इनपुटची वायर हाताने हलवून बघा. आवाज बदलला तर ती वायर बोर्डजवळून जातेय.

## १०. याच आयसीवर १८ व्होल्ट हवे असतील तर

जोडणी वेगळी होते. वरच्या बोर्डवर वायर बदलून ती जमत नाही, नवा बोर्ड करा. पिन ८, ३, १ तसेच. पिन ४ आणि ५ मोकळ्या. पिन ८ पासून एक १एन५८१७, पट्टी पुढे. त्या पट्टीच्या टोकापासून १० मायक्रोफॅरड पिन २ ला, मायनस पिन २ कडे. त्याच टोकापासून दुसरा १एन५८१७, पट्टी पुढे, आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, प्लस वर. तिथे १७ च्या आसपास मिळतं. इथे कपॅसिटर २५ व्होल्टचेच लावा आणि जोडण्याआधी पेडलच्या बोर्डवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक वाचा. १६ व्होल्टचा एक जरी राहिला तरी तो बदलल्याशिवाय चालू करू नका.

काम झालं की डीसी सॉकेटशेजारी ‘९ व्होल्ट, आत मायनस’ एवढं लिहा, आणि पिन ५ वर मोजलेला आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला. वर्षभराने पेडल बिघडलं तर मीटर लावल्यावर पहिली तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.